अळणी पंगत

मोठ्या दवाखान्यातल्या लेकरांच्या वॉर्डात लोक डॉक्टरांना घाबरत नसत तेवढे अंजनाबाईंना घाबरत. हुद्दा आयाचा. चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, फरशी पुसायची. पण चौदा वर्षं एकाच वॉर्डात काढलेली बाई नुसती फरशी पुसत नाही. कोणत्या पोराचा श्वास बिघडला आणि कोणती आई खोटं बोलते, हे तिला दारातूनच कळतं. लेकरू चौथ्या दिवशी घेऊन येणाऱ्या बायांना अंजनाबाई तिथंच अडवत.

"चार दिवस काय करून राहिली होती वं? लेकरू हाय का गाठोडं?"

बाई रडायला लागली की म्हणत, "रडणं मागून. आधी डॉक्टरबाईले खरं सांग. काय पाजलं, कोणाच्या घरी नेलं, सारं सांग."

घर पाचपावलीच्या बाजूला, एका गल्लीत दोन खोल्यांचं. नवरा देवाजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा आनंदराव बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. म्हणजे घरात तिघीच: अंजनाबाई, सून प्रेमिला आणि सहा वर्षांची नात जया. छप्पन साली नवरा-बायकोनं दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात देवाजीनं घरातले देव टोपलीत भरून बाहेर काढले. त्यानंतर त्या घरात देव आला नाही, नवस झाला नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. अंजनाबाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

जयाचं दुखणं आदल्या वर्षीचं. सकाळी उठली तर डोळे उघडेनात, इतका चेहरा सुजलेला. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पोट्टी अंगानं भरून राहिली. अंजनाबाईंनी नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि पडूनच राहिला. त्या तशाच पोरीला कडेवर घेऊन वॉर्डात गेल्या. किडनीचा आजार निघाला. पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी एकदम आठ. या गोळ्या सूज उतरवतात, पण अंगाची रोगाशी झगडायची ताकदही उतरवतात, हे डॉक्टर पुष्पलताबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. साध्या पडशालाही जपायचं. मीठ बंद. आणि रोज सकाळी लघवी काचेच्या नळीत घेऊन उकळून बघायची. पाणी नितळ राहिलं तर ठीक. दह्यासारखं पांढरं झालं तर आजार उलटला.

ती नळी अंजनाबाईंची. प्रेमिला स्टोव्ह पेटवून द्यायची, नळी धरायच्या अंजनाबाई. घरातला न्यायनिवाडा त्यांच्या डोळ्यांवर चालायचा.

जयाचं खरं दुःख सूज नव्हती, जेवण होतं. लग्नाकार्यात तिचा डबा वेगळा. पोरं पंगतीत बसायची आणि ही भिंतीशी, मांडीवर डबा घेऊन. एकदा तिनं विचारलं, "आजी, मीठ कसं लागते वं?" प्रेमिला उठून आत गेली होती.

हे शहात्तर सालच्या चैत्रातलं. समोरच्या घरात माता आली होती.

कांजिण्यांना आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. माता येते. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद, मीठ बंद, औषध तर घराबाहेरच. लेकराच्या अंगात खुद्द माताच उतरलेली, म्हणून त्याला 'माय' म्हणून हाक मारायची आणि ते म्हणेल ते ऐकायचं, चार वर्षांचं असलं तरी. समोर रुखमाबाईंचं घर. एक महिन्यापूर्वी त्यांच्या धाकट्या मुलाला, शालिकरामला, माता येऊन गेली. चोवीस वर्षांचा गडी, इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला. मग नातवाला, प्रल्हादला. त्याच्या खपल्या वाळल्या तसा रुखमाबाईंनी मातेला निरोप द्यायचा बेत केला: नऊ कुवारिणींची पंगत. पण गल्लीतल्या दोन पोरी लग्नाला गावी गेल्या, आणि मोजून आठच भरल्या.

रुखमाबाई स्वतः दारात आल्या. "अंजनाबाई, रविवारी जयाले पाठवजा. एक कुवारीण कमी पडून राहिली."

"आमची पोट्टी?"

"मंग कोणाची?"

"तुमाले चालते?"

"मातेले चालते, त मी कोण नाही म्हणणारी?"

"आन तिले मीठ नाही चालत, माहीत हाय न?"

"काय बाई हो तुमी बी. मातेच्या जेवणात मीठ कुठं असते? दहीभात अन् गुळाचा शिरा. सारं अळणी."

याला प्रेम वगैरे म्हणायचं कारण नाही. रुखमाबाईंना नववी पोरगी हवी होती. याच रुखमाबाईंच्या ओसरीवर वीस वर्षांपूर्वी अंजनाबाईंना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात. तो कप खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा. मधल्या काळात केव्हातरी तो खिळ्यावरून गेला. कोणी काही बोललं नाही, पण गेला तो दिवस अंजनाबाईंनी पाहून ठेवला होता. आणि आता पंगत.

प्रेमिलानं ऐकलं आणि हातातला पोळपाट खाली ठेवला. "आत्याबाई, आपण मानत नाही न हे? आन त्यायच्या घरी फोड हायेत अजून."

"मानाले कोण जाऊन राहिलं? जेवाले चालली. फोड मी पाहून येते."

गेल्या आणि पाहून आल्या. प्रल्हादला उन्हात उभं केलं, सदरा काढला, पाठीवरून बोट फिरवलं, केसांत पाहिलं, काखेत पाहिलं. एकही ओला फोड नव्हता. खपल्या वाळल्या की पोरापासून धोका नाही, हा वॉर्डाचा नियम. अंजनाबाई घरी येऊन म्हणाल्या, "कोरडं ठक्क हाय पोट्टं." प्रेमिलानं पोळपाट परत उचलला. वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या सासूपुढं ती काय बोलणार?

पण खरं बोलायचं तर अंजनाबाईंना पोरीला पाठवायचंच होतं. प्रल्हादला बघायला गेल्या त्याआधीच फ्रॉक पेटीतून काढून झाला होता.

रविवारी दुपारी त्या समोरच्या दाराशी उभ्या राहिल्या. नऊ पोरी ओळीनं पाटावर. रुखमाबाई पितळी परात घेऊन एकेकीचे पाय धूत पुढे सरकत होत्या. जयापाशी आल्या. तिचे ते सुजलेले, बोटं बुडालेले पाय त्यांनी परातीत घेतले, दोन्ही हातांनी धुतले, पदरानं पुसले, कुंकू लावलं. बाकीच्यांना लावलं तसंच. अंजनाबाई बघत राहिल्या. देवाजी असता तर रागावला असता, की त्यालाही बघावंसं वाटलं असतं, हे त्यांना ठरवता आलं नाही.

जयाच्या शेजारी बसली होती प्रल्हादची धाकटी बहीण, शामली. चार वर्षांची. ती काही खाईना, किरकिर करत होती. जयानं आपल्या ताटातला शिरा तिला भरवला, तिनं अर्धा खाल्ला, उरलेला जयानं खाल्ला. अंजनाबाईंनी हेही पाहिलं, आणि त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन पोरगी म्हणाली, "आजी, तिथं साऱ्यायचंच अळणी होतं."

सोमवारी संध्याकाळी नळावर रुखमाबाईंची सून, कौशल्या, भेटली. "शामलीलेबी आली जी माता. आज पाठीवर दिसली. काल दिवसभर अंग गरमच होतं तिचं."

अंजनाबाईंची बादली भरून वाहायला लागली. मागची बाई म्हणाली, "नळ सोडता का आता?"

वॉर्डाच्या नियमाला दुसरा अर्धा भाग होता. फोड दिसायच्या आधी दोन दिवस लेकरू रोग देऊ लागतं. पुष्पलताबाई नव्या डॉक्टरांना हे शंभरदा सांगायच्या आणि अंजनाबाईंनी फरशी पुसता पुसता शंभरदा ऐकलं होतं. त्यांनी प्रल्हादला नखशिखांत तपासलं. ज्या पोरीनं जयाच्या हातून घास खाल्ला, तिच्या कपाळाला साधा हात लावला नाही.

त्यांना काटोलचा मुलगा आठवला. तीन वर्षांपूर्वीचा, याच पांढऱ्या गोळ्यांवरचा. त्यालाही कांजिण्याच झाल्या होत्या, ज्यातून गल्लीतली पोरं आठ दिवसांत उठून खेळायला लागतात. त्याचे फोड पाण्याऐवजी रक्तानं भरले. छातीत उतरले. चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी ती खाट अंजनाबाईंनी धुतली होती.

मंगळवारी सकाळी वॉर्डात पुष्पलताबाईंना त्यांनी एकटं गाठलं. "बाई, आमच्या गल्लीत कांजिण्या आल्या. जया थोडी खेळली त्या पोरीसंगं."

"किती जवळून? घरात की बाहेर?"

"बाहेरच. असंच, गल्लीत."

पुष्पलताबाईंनी पेन ठेवलं. "अंजनाबाई, नीट सांगा. गल्लीत लांबून असेल तर थांबून बघू. जवळचा संबंध आला असेल तर आजच हालचाल करावी लागेल. तुम्हीच बायकांना सांगता ना, खरं सांगा म्हणून?"

वॉर्डात त्या वेळी एक नवी आई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि ऐकत होती. अंजनाबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"परवा दुपारी एका ताटात जेवली, बाई. तिच्या उष्ट्यातलं खाल्लं. मीच पाठवली होती. मातेच्या पंगतीले."

पुष्पलताबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोटांवर तास मोजले. "या रोगावर औषध नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एकच गोष्ट करता येते. ज्याला नुकत्याच कांजिण्या होऊन गेल्यात, त्याच्या रक्तात त्या रोगाशी लढायची ताकद ताजी असते. त्याचं रक्त काढायचं, लाल भाग खाली बसवून वरचं पिवळं पाणी तेवढं पोरीला द्यायचं. पण तीन दिवसांच्या आत. म्हणजे उद्या दुपारपर्यंत."

"माझं घ्या. मले लहानपणी येऊन गेल्या."

"तुमचं जुनं झालं. महिन्याभरातलं हवं. मोठं माणूस हवं, गटही जुळायला हवा. आहे कोणी?"

होतं. शालिकराम होता. पण त्याच्या घरात माता परत बसली होती, आणि माता घरात असताना त्या घरातल्या माणसाच्या अंगाला सुई लावायची, रक्त काढायचं, ही गोष्ट रुखमाबाईंपुढं बोलणंच अवघड होतं.

संध्याकाळी अंजनाबाई समोरच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. रुखमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"घरात माता असताना रक्त? तुमाले कळते का तुमी काय बोलून राहिल्या?"

"कळते."

"नऊ दिवस जाऊ द्या. तिचा निरोप झाला की न्या त्याले."

"नऊ दिवस नाहीत माझ्याजवळ. उद्या दुपारपर्यंत हाय."

आतून शालिकराम म्हणाला, "माय, मी जातो न. बाटलीभर रक्तानं काय होते?"

"तू चूप राह्य. शामलीचं काही झालं, त तू भरून देशील?" मग अंजनाबाईंकडे वळून, "वीस वर्षं झाली, तुमी म्हणता माता गिता काही नसते. मंग आता काहून आल्या मातेच्या दारी?"

"मातेच्या दारी नाही आली. तुमच्या दारी आली."

"मंग माझ्या हाती काही नाही. ज्या घरात ती बसली, तिथं तिची मर्जी चालते. विचारा तिले."

हे बोलून रुखमाबाईंना वाटलं विषय मिटला. पण अंजनाबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले आणि आत गेल्या.

शामली कडुनिंबाच्या पाल्यावर पडली होती. अंगभर फोड, डोळे चिकटलेले. अशी पोरं अंजनाबाईंनी मोजता येणार नाहीत इतकी हाताळली होती. त्या जमिनीवर बसल्या. ओल्या फडक्यानं आधी तिचे डोळे पुसले, कारण ते पुसायला हवे होते. मग तिचे पाय हातात धरले. तापलेले, इवले पाय.

"माय," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकाले उद्या माझ्यासंगं धाडतं का? आमच्या जयासाठी?"

पोरीनं डोळे किलकिले केले. "जयी कुठं हाय?"

"घरी हाय."

"तिले माझा शिरा देल्ता मी."

"देल्ता न. काका जाऊ दे?"

"जाऊ दे," पोरगी म्हणाली. "मले गुलाबी रिबन आणजो म्हणा."

कौशल्यानं पदर तोंडाला लावला. रुखमाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या उठल्या, लोटाभर पाणी घेतलं, पोरीच्या पायांशी ओतलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "तिनं हो म्हटलं. मंग माझी काय टाप हाय?"

पुढं कोणी विचारलं तर अंजनाबाई सांगत, पोरीचे पाय धरले, मातेचे नाही. पण पाय धरताना तोंडातून 'माय' निघालं होतं, आणि ते सगळं नुसतं नाटक होतं असं त्या स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगू शकल्या नाहीत.

बुधवारी सकाळी गट जुळला, रक्त निघालं आणि दुपारच्या आत ते पिवळं पाणी जयाच्या नसेत थेंब थेंब गेलं. पुष्पलताबाई म्हणाल्या, "कांजिण्या येणारच नाहीत असं मी म्हणत नाही. आल्या तर हलक्या याव्यात, एवढीच आशा. आता एकवीस दिवस रोज अंग बघा. आणि कोणी काही सांगितलं तरी गोळ्या मनानं बंद करू नका."

आनंदराव शनिवारी आला, सगळं ऐकलं, आईला एक शब्द बोलला नाही. प्रेमिलाही बोलत नव्हती. म्हणजे भाजीत काय घालू, पाणी आलं, एवढं बोलायची. पण रविवारी सकाळी अंजनाबाईंनी काचेच्या नळीला हात घातला, तेव्हा प्रेमिलानं ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"मी पाहीन."

"तुले समजते का त्यातलं?"

"पांढरं अन् नितळ समजते मले. तुमी पाहून काय झालं ते पाहिलं न सगळ्यायनं."

अंजनाबाई बाजूला झाल्या.

दिवस जात होते. रोज सकाळी प्रेमिला पोरीला उन्हात उभं करून तिचं अंग बघे आणि अंजनाबाई दाराआडून प्रेमिलाचा चेहरा बघत. दहा दिवस झाले. चौदा झाले. जया विचारत होती, शामली बरी झाली तरी खेळायला का येत नाही. सतराव्या दिवशी प्रेमिलाचा हात पोरीच्या कानामागं थांबला.

त्याच तासाला त्यांनी तिला दवाखान्यात, वेगळ्या खोलीत नेलं. गल्लीतून निघताना दोघी-तिघींनी सांगितलंच, मातेत औषध देऊ नये, गोळ्या बंद करा. प्रेमिला चालता चालता म्हणाली, "तुमच्या पोट्टीले नका देऊ."

तिसऱ्या दिवशी ताप एकशे चारच्या वर गेला. चौथ्या दिवशी खोकला लागला आणि पुष्पलताबाईंनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तो लवकर उचलला नाही. ऑक्सिजन लावला. खोलीत एकालाच राहायची परवानगी, आणि प्रेमिला आत होती. अंजनाबाई ड्यूटीवर होत्या. दाराबाहेरची फरशी त्यांनी त्या दिवशी किती वेळा पुसली याला हिशेब नाही. आत जायची सोय नव्हती आणि लांब राहणं जमत नव्हतं. दारातून प्रेमिलाला एकच गोष्ट विचारायच्या, "फोडात पाणी हाय का रक्त?"

"पाणी."

तासाभरानं पुन्हा, "पाहिलं का?"

"पाणीच हाय, आत्याबाई."

पाणीच राहिलं. दोन दिवसांनी ऑक्सिजन निघाला. एकूण फोड एकशे दहाच्या घरात. काटोलच्या मुलाचे मोजताही आले नव्हते. एक डाग डाव्या भुवईवर खोल बसला, तो आयुष्यभराचा. बाराव्या दिवशी जया घरी आली. चेहरा पुन्हा सुजलेला, पण ती आली.

त्याच संध्याकाळी रुखमाबाई झाकलेलं ताट घेऊन दारात. शामलीच्या मातेचा निरोप झाला त्या पंगतीत जयाचा पाट रिकामा ठेवला होता म्हणे, तो आता भरून काढायचा. "मातेनं सांभाळलं पोट्टीले."

"शालिकरामच्या रक्तानं सांभाळलं," अंजनाबाई म्हणाल्या.

"आन त्याच्या रक्तात कोण होतं?"

"कांजिण्या होत्या."

"तेच त मी म्हणून राहिली."

दोघीही हसल्या नाहीत, पण भांडण्याची ताकदही कोणात उरली नव्हती. ताट घ्यायला प्रेमिला पुढं आली. घ्यायच्या आधी तिनं विचारलं, "काकी, घरात आता कोणाले ताप गिप? प्रल्हाद, शामली, शालिकभाऊ, कौशल्याबाई?"

"कोणालेच नाही."

"आज सकाळी हात लावून पाहिला होता?"

रुखमाबाई रागावतील असं अंजनाबाईंना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "आता जाऊन पाहून येते बापा," आणि खरोखरच ताट उंबऱ्यावर ठेवून परत गेल्या, चौघांची कपाळं चाचपून आल्या. मगच ताट आत गेलं. प्रेमिलानं चाखून मीठ नाही याची खात्री केली आणि पोरीपुढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्ह पेटला. प्रेमिलानं नळी आचेवर धरली, मग उजेडाकडं. बराच वेळ धरून उभी राहिली.

"आत्याबाई, इकडं या जरा. मले पांढरं दिसून राहिलं. का भासच हाय?"

अंजनाबाईंनी हात पदराला पुसले. नळी घेतली, फिरवली, उजेडात तिरपी केली. पाणी नितळ नव्हतं. दही नव्हतं, पण तांदूळ धुतल्यासारखं गढूळ होतं. हे पाहून त्या सवयीनं बोलणार होत्या, आणि थांबल्या.

"मले गढूळ दिसते. तू पुन्हा पाहा. मंग सांग."

प्रेमिलानं पुन्हा पाहिलं. "गढूळच हाय."

"चाल मंग. तिचा फ्रॉक पेटीतून काढ. पुष्पलताबाई नऊला येतात. आन बाईले सारं सांगजो, काल ताटात काय खाल्लं तेबी. राहिलं तर मी सांगते."